अप्पांच्या घरातलं अंडं

आमचे लातूरचे घरमालक अप्पा माणसंसुद्धा तुरीसारखी पारखायचे. उभी हयात आडत बाजारात गेलेली. शेतकऱ्यानं पोत्याचं तोंड सोडलं की चिमूटभर तूर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, एक दाणा दाढेखाली धरून कट्टकन फोडायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "ओलावा हाय. ऊन दाखवून आणा." पुढं दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले, दाढ मात्र घरी बसली नाही. वाण्याचा गूळ, बायकोनं, म्हणजे साऱ्या बोळाच्या आणि त्यांच्याही काकूंनी, आणलेली चणाडाळ, जावयाचं बोलणं, सगळं त्या दाढेखालून जायचं.

मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं आणि स्वतः ओट्यावर सावलीत बसून राहिले.

"कुठले म्हणायचं?"

"कंधारकडचा. घरी शेती आहे."

"हितं काय करलालाव?"

"नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क म्हणून आलोय."

"खाता काय?"

"भाकरी."

"आन् भाकरीबरोबर?"

मी स्वतःच्या चपलांकडं बघत राहिलो. अप्पांनी डोळे मिटले. जरा वेळानं आत तोंड करून काकूंना ओरडून सांगितलं, "ओलावा हाय. पण माल खोटा न्हाई. राहू दे."

पुढं नोकरीत माझे गोपनीय अहवाल बऱ्याच साहेबांनी लिहिले. इतका नेमका कुणाला जमला असेल असं वाटत नाही.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं. कचेरी भाड्याच्या इमारतीत. साहेबांना खुर्ची होती, मोठ्या बाबूंना स्टूल होतं, आणि मी उस्मानाबादेहून आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसायचो. कुणाला त्यातली फाईल हवी झाली की मला उठावं लागायचं. अप्पांना मात्र या जिल्ह्याचा अभिमान असा, की जणू त्यांनीच तो आडतीत बोली लावून घेतला होता. मला ते पहिल्या दिवसापासून 'कलेक्टर' म्हणत. एकदा खरेखुरे कलेक्टर जीपमधून आमच्या बोळातून गेले. लोक उठून उभे राहिले. अप्पांनी बसल्या जागेवरून मला विचारलं, "कलेक्टर, हे कोण हो नवीन?"

त्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी नावापुरता होता. संध्याकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की अप्पा रेडिओसमोर मांडी घालून बसत आणि त्याच्याशी भांडत. 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' असं आलं की ते पुढं सरकून म्हणत, "ते तुरळक ठिकाण म्हंजे नेमकं कुठं आलं? एकदा पत्ता तर सांग, बाबा, गाडी करून जातो." रेडिओ पत्ता न सांगता भजनाकडं वळायचा आणि अप्पा मला म्हणायचे, "बघा, जवाब न्हाई त्याच्याकडं."

घर लिंगायतांचं, मठाला मानणारं. अंडं, मटण, मासळी उंबऱ्याच्या आत येणार नाही, ही खोलीची अट. मी ती काटेकोर पाळली. म्हणजे दर रविवारी बसस्टँडमागच्या खानावळीत जाऊन पाळली. परत यायचो तर अप्पा ओट्यावर पाण्याचा पेला घेऊन बसलेले.

"कलेक्टर, गुळणी."

बोळात तेव्हा टँकर यायचा, पण भांडणं आधी यायची आणि पाणी मागून. काकू प्रत्येकाच्या वाटणीचं पाणी वेगळं काढून ठेवायच्या. माझ्या गुळणीचा पेला अप्पा स्वतःच्या वाटणीतून काढत. एकदा मला लाज वाटली. म्हटलं, "अप्पा, दुष्काळ आहे, राहू द्या ना गुळणी." त्यांनी पेला पुढंच धरला. "दुष्काळ पाण्याला हाय. नेमाला न्हाई."

तर अशा माणसाच्या घरात अंडं कसं शिजलं, ती ही गोष्ट. आमच्या घरात मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की मुलं 'झालं, बाबा आडात उतरले' असं म्हणून उठून जातात. बायकोचं म्हणणं असं, की तो आड दरवर्षी थोडा खोल होत चाललाय. असेल. भूजल खालीच जातंय सगळीकडं.

आड घरामागं होता आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच कोरडा पडला होता. एका सकाळी आतून बारीक आवाज येऊ लागला. अप्पांनी कठड्यावर वाकून बघितलं, आम्ही बघितलं, तळाशी राखेत लोळल्यासारखं काहीतरी हलत होतं. मांजराचं पिल्लू. पडलं की कुणी टाकलं, देव जाणे. अप्पांनी पोहऱ्यात फडकं घालून पोहरा सोडला. पिल्लू त्याच्या आडोशाला बसून आणखी जोरात ओरडू लागलं.

"मी उतरतो," अप्पा म्हणाले आणि धोतराचा काचा मारू लागले.

काकूंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. बायकांना नुसतं बघून माणूस आडात ढकलता येतो.

मी उतरलो. कंबरेला दोर, डोळे घट्ट मिटलेले. आत साप असणार याची मला पक्की खात्री होती. वरून अप्पा धीर देत होते, "भ्यायचं न्हाई कलेक्टर! तुमची सरकारी नोकरी हाय, काय झालं तर घरच्यांना पेन्शन हाय. मी उतरलो असतो तर काकूला काय मिळालं असतं?" तळाशी पोचलो, पिल्लू शर्टात टाकलं, त्यानं माझ्या छातीवर ओरखडे काढले आणि मी साप साप करून ओरडलो. हे शेवटचं मी घरी सांगत नाही, पण काकू कोण आलं-गेलं त्याला सांगायच्या.

वर आल्यावर पिल्लू अप्पांनी तळहातावर घेतलं. सवयीनं त्याच्यावर हलकी फुंकर मारली. डोळे नुकते नीट उघडलेले, शेपूट बोटाएवढी. मादी होती. "पाव्हणी आली," अप्पा म्हणाले. काकू म्हणाल्या, "भवानी आली. दुष्काळात आनखी एक तोंड."

पाव्हणीला काय देतात? दूध. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्या बोळातल्या कुणालाही वाटलं नसतं. पण दुष्काळात दूध मिळणंच मुश्कील. काकूंकडं यायचं ते जेमतेम सकाळ-संध्याकाळच्या चहापुरतं. अप्पांनी आपला चहा बिनदुधाचा केला. गुळाचा काळा चहा तोंड वाकडं करत प्यायचे, आणि त्यांच्या वाटणीचं दूध बशीत जायचं. पिल्लू बशी चाटूनपुसून साफ करायचं आणि तासाभरात अंगणात, ओट्यावर, एकदा माझ्या धुतलेल्या पँटवर, सगळं पाण्यासारखं बाहेर काढायचं.

अप्पा काडी घेऊन जायचे, वाकून बघायचे. "ओलावा हाय," उठून सांगायचे. ते दिसतच होतं.

मग उपचार सुरू झाले. दुधात जायफळ उगाळून. दुधात ओव्याचं पाणी. दुधात डाळिंबाच्या सालीची पूड. शेजारीण म्हणाली साबुदाण्याची खीर. खीर झाली, दुधातच. औषध कुणाचंही असो, अप्पांच्या मते त्याला पोटात न्यायला गाडी दुधाचीच लागायची. पिल्लू जरा सावरल्यासारखं करायचं, शेपटीशी खेळायचं, पुन्हा तेच. पाठीचा कणा मोजता येऊ लागला. मागचं अंग सोलवटून लाल झालं. काकू कोमट पाण्यात फडकं बुडवून ते पुसायच्या आणि पुसताना शिव्या द्यायच्या. मग एक दिवस पिल्लानं बशीकडं तोंडसुद्धा फिरवलं नाही. अप्पांनी त्याला हातात घेतलं आणि तळहात वर-खाली करून वजन बघितलं.

"हलकं झालं," म्हणाले. नुसतं तेवढंच. त्यांचा आवाज मी तसा ऐकला नव्हता.

गुरांचा डॉक्टर तेव्हा गावाबाहेर चारा-छावणीवर बसायचा. अप्पा निघाले. डोक्यावर काळी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी, पिशवीत पिल्लू, आणि सदऱ्याच्या खिशात काडेपेटी. काडेपेटीत तपासणीचा नमुना. सायकल मी चालवत होतो, मागं कॅरिअरवर ते.

छावणीत डॉक्टरपुढं बैलांची रांग होती. हाडं वर आलेले बैल, त्यांच्या दोऱ्या धरून उकिडवे बसलेले मालक. अप्पा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. बाजारात लोक ज्यांना उठून जागा द्यायचे असे हे अप्पा. कुणीतरी ओळखलंच.

"अप्पा, तुम्ही हितं? जनावर कुठाय?"

अप्पांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं.

"आरं तिच्या! अप्पा, हिला चाऱ्याचं कार्ड काढलं का न्हाई?"

"दात हायत का बघा, दोन का चार!"

"आउताला लई चांगली दिसतीय!"

रांग पोट धरून हसत होती. त्या उन्हात, त्या वर्षी, मी माणसं तेवढी हसताना पहिल्यांदाच बघितली. अप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले, पण रांगेतली जागा सोडली नाही. एकजण म्हणाला, म्हातारं माणूस, पुढं जाऊ द्या. तर म्हणाले, "तुझ्या बैलाचं पोट ते पोट, आन् हिचं काय वेगळं हाय? ज्याचा नंबर त्याचा नंबर."

डॉक्टर तरुण, नांदेडचा, धुळीनं भुवयांपर्यंत पांढरा झालेला. अप्पांनी काडेपेटी पुढं केली. डॉक्टर म्हणाला, "नको, मी ओढत नाही."

"ओढायची न्हाई, बघायची हाय."

त्यानं उघडली आणि लगेच मिटली. पण बरा माणूस. शेडमध्ये सूक्ष्मदर्शक होता, तिथं जाऊन बघून आला. पिल्लाची कातडी चिमटीत धरून सोडली, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं. "जंत आहेत. त्याचं औषध मी आत्ता पाजतो, पुन्हा एकदा आणावं लागेल. अंगातलं पाणी आटलंय हिच्या. पण खायला काय देता?"

अप्पांनी छाती पुढं काढून सांगितलं, "दूध. माझ्या वाटणीचं."

"बंद करा."

"काय?"

"दूध बंद. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, सगळं. हिला ते पचत नाही. रोज तुम्हीच पोट बिघडवताय, आणि रोज तुम्हीच औषध देताय."

 अप्पा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "म्हंजे माझा चहा नाहक गेला की ओ."

डॉक्टरनं सांगितलं, पाणी उकळून गार केलेलं, घोट घोट, सारखं. ऊब ठेवा. आणि खायला उकडलेलं अंडं कुस्करून, चमचा चमचा, एकदम पोटभर नाही. नाहीतर कोंबडी उकडून तिचं मऊ मांस.

"मुगाचं कढण चालंल?"

"नाही."

"तूपभात?"

"अहो मालक, मांजर आहे ती. सहा-सात महिन्यांची असती तर उंदीर धरून तिनंच तिचं बघितलं असतं. आत्ता तिच्यात दम नाही. अंडं द्या, दोन-तीन दिवसांत फरक दिसेल. नाही दिलंत तर मला पुन्हा काडेपेटी आणू नका."

 येताना कॅरिअरवरच्या अप्पांच्या वजनापेक्षा त्यांचं गप्प बसणं सायकलीला जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर अप्पा ओट्यावर वाकून गेरूनं रेघ ओढत होते. रेघ माझ्या खोलीच्या कोपऱ्यापासून निघून ओट्याच्या कडेपर्यंत आली होती. त्यांनी कंबर सरळ केली.

"कलेक्टर, आजपासून तुमची खोली वेगळा जिल्हा. उस्मानाबादेतून लातूर काढलं तसं. जमीन तीच, कायदा दुसरा. रेघेच्या तिकडं पाव्हणीचं पोट सांगंल तो कायदा. रेघेच्या इकडं आमचा."

"म्हणजे अंडं मी...?"

"आणायचं तुम्ही, शिजवायचं तुम्ही, चारायचं तुम्ही. बघणार मी."

आता माझी अडचण अशी, की मी अंडी खाल्ली होती भरपूर, शिजवलं कधी काहीच नव्हतं. पहिलं अंडं मी लपवून शर्टाच्या खिशात घालून आणलं आणि बोळाच्या तोंडाशी सायकल खड्ड्यात गेली. दुसरं आणलं. स्टोव्हवर चहाच्या भांड्यात टाकलं. अप्पा रेघेपलीकडं पाट टाकून, नाकाला उपरणं लावून बसले.

"शिजलं का?"

"माहीत नाही."

"आँ? तुम्ही खाणारे, तुम्हाला म्हाईत न्हाई?"

"अप्पा, मी खाणारा आहे. घालणारा नाही."

उपरण्याच्या आतून ते हसले, आणि हसताना श्वास घ्यावा लागल्यामुळं त्यांच्या नाकात वास गेला. मला वाटलं, उठून जातील. नाही उठले. मी अंडं फोडलं तर आत कच्चं, पुन्हा टाकलं, पार दगड झालं. शेवटी त्यातलं पिवळं बोटानं कुस्करून, पाण्यात मऊ करून पिल्लाच्या नाकाशी नेलं. दोन दिवस मान न उचललेलं ते पिल्लू माझं बोट असं चाटू लागलं, की सोडायलाच तयार नाही. अप्पांनी उपरणं नाकावरून खाली घेतलं होतं. घ्यायचं विसरले होते की मुद्दाम घेतलं होतं, ते मी विचारलं नाही.

काकू नवऱ्याशी बोलणं बंद करून बसल्या. जेवायचं ताट जोरात आपटून ठेवायच्या, म्हणजे त्यांनी ओळखायचं की वाढलंय. इकडं पाव्हणीला फरक पडू लागला. पातळ होतं ते आंबील झालं, आंबिलीचं पिठलं झालं. अप्पा रोज सकाळी काडी घेऊन मला खबर द्यायचे, "सुधारणा हाय, कलेक्टर. अजून बाजारात नेण्याजोगा माल न्हाई, पण सुधारणा हाय."

आणि एका सकाळी सगळं पुन्हा पाण्यासारखं.

अप्पांनी आधी मला धरलं. जास्त चारलं का? पाणी उकळलं होतं का? भांडं घासलं होतं का? मी शपथा घेतल्या. मग त्यांनी पिल्लाला उचललं, उजेडात धरलं, आणि तिच्या मिशांकडं बघत राहिले. मिशांना पांढरे थेंब होते.

"काकू!"

काकू पदरानं हात पुसत दारात आल्या. किती दिवसांनी नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. "दिलं मी. काय करता? लहान जीव बशीकडं बघत बसतो, मला घास उतरत न्हाई. लेकराला दूध न्हाई म्हणायचं का मी?"

"अगं, त्याच दुधानं मरंल ती."

काकू तिथंच उंबऱ्यावर बसल्या.  मग आत गेल्या, माळ्यावर खडखड झाली, आणि एक पोचे आलेलं जरमनचं पातेलं घेऊन आल्या. रेघेवर उभ्या राहून त्यांनी ते माझ्या बाजूला सरकवलं.

"चहाच्या भांड्यात कोण अंडं शिजवतंय का? शिकवलं न्हाई तुमच्या आईनं? हे घ्या. आन् परत माझ्या चुलीकडं आणू नका."

त्यानंतर अंडं कधी दगड झालं नाही. काकू रेघेच्या इकडून, चुलीपाशी बसल्या बसल्या, पातेल्यातल्या पाण्याचा आवाज ऐकून सांगायच्या, "उतरवा आता." त्यांनी आयुष्यात अंडं हातात धरलेलं नव्हतं.

बोळात हे झाकून राहणं शक्यच नव्हतं, आणि अप्पांनी झाकलंही नाही. श्रावण जवळ आला होता. श्रावणातल्या एका सोमवारी मठाचे स्वामीजी अप्पांच्या घरी पूजेला आणि प्रसादाला येत. हा मान अप्पांच्या वडिलांपासूनचा. गावात त्यांच्यापेक्षा मोठे दुकानदार होते, दुमजली माडीवाले होते, पण तो सोमवार या घराचा. अप्पा वर्षभर त्या एका दिवसावर जगायचे म्हटलं तरी चालेल. स्वामीजी बसायचे तो पाटसुद्धा एरवी कुणाला शिवू देत नसत.

मठाचे दोन कारभारी येऊन ओट्यावर बसले. रेघेकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

"अप्पा, कानावर आलंय. आम्ही काय म्हणतो, श्रावण होईपर्यंत ते मांजर शेतावर पाठवा."

"शेतावर तिला कोण बघणार? मरंल."

"मग अंडं तेवढं बंद ठेवा. महिनाभर."

"त्यानंबी मरंल."

दुसरा कारभारी आवाज खाली आणून म्हणाला, "बरं मग चालू द्या. भाडेकरूच्या खोलीत हाय ना? स्वामीजींना कोण सांगतंय?"

"मी सांगतोय," अप्पा म्हणाले.

मी मध्ये पडलो. म्हटलं, अप्पा, मी खोली सोडतो, पिल्लू घेऊन जातो दुसरीकडं. मला खरंच वाटत होतं की त्यांचा मान माझ्या पातेल्यात बुडतोय. अप्पा माझ्यावरच उखडले. "तुम्ही भाडेकरू. तुम्हाला मी घालवू शकतो. ती पाव्हणी हाय, पाव्हण्याला घालवतात का? बसा गुमान."

आणि त्याच पावली टोपी घालून मठात गेले. परत आल्यावर काकूंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"मी म्हणालो, घरात अंडं शिजतं. आम्ही खात न्हाई, पण आमच्या छताखाली शिजतं, माझ्या मर्जीनं शिजतं. यायचं तर कळून या."

"आन् ते?"

"ऐकून घेतलं. बघू म्हणाले."

त्या 'बघू'वर आमचं घर सोमवारपर्यंत टांगलेलं होतं. अप्पांनी तोंडानं काही दाखवलं नाही. पण मी बघत होतो, ते तो पाट पुन्हा पुन्हा पुसत होते.

सोमवारी सकाळी काकूंनी ओटा सारवला. रेघ तेवढी सोडून सारवला, हे मी बघितलं. येतील की नाही ठाऊक नसताना चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, चढली. अप्पा धुतलेलं धोतर नेसून, गळ्यातलं लिंग नीट करून, पाय धुवायला तांब्या घेऊन अंगणात उभे राहिले. येतील किंवा न येतील, उभं राहणं आपलं काम, असे.

स्वामीजी चालतच आले. मागं दोघे कारभारी. अंगणात येऊन थांबले, ओटा चढले नाहीत.

"अप्पा, कुठं आहे ती?"

कुणी उत्तर द्यायच्या आत ती आली. माझ्या खोलीतून निघाली, रेघ ओलांडली, स्वामीजींच्या पायांवरून शेपूट फिरवत पुढं गेली आणि तुळशीकडंच्या भुसभुशीत मातीत पुढच्या पायांनी खड्डा करू लागली. कारभाऱ्यांनी माना वळवल्या. काकूंनी दारातून 'अगं बाई' म्हणून डोळ्यांना पदर लावला. पिल्लू आमच्याकडं पाठ करून, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं बसलं. मग उठलं, माती ओढली, आणि निघून गेलं.

अप्पांनी तांब्या जमिनीवर ठेवला. स्वामीजी, कारभारी, सोमवार, सगळं विसरून ते मातीकडं धावले. काडीनं माती बाजूला केली. वाकले. पुन्हा वाकले. आणि ताठ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मुलगा बोर्डात आलेल्या बापाचा असतो तसा.

"घट्ट!" ते म्हणाले. "स्वामीजी, घट्ट हाय!"

 स्वामीजी काठी टेकत पुढं गेले. वाकून त्यांनी बराच वेळ, नीट, बघितलं.

"आधी असं नव्हतं का?"

"न्हाई जी. आडातनं काढली तवापासून पाणी नुसतं. जाणार म्हणून सोडली होती आम्ही."

"बरं झालं," स्वामीजी म्हणाले. "लेकरू वाचलं." आणि मागं फिरून ओट्याच्या पायरीपाशी आले, पाय पुढं केले. अप्पा धावत येऊन तांब्या उचलू लागले, तर म्हणाले, "अप्पा, आधी तुम्ही हात धुवा. मग माझे पाय."

अप्पांनी हात धुतले. पाणी मी घातलं. पाय धुवून झाले, स्वामीजी पाटावर जाऊन बसले. कारभारी अजून अंगणातच, चढावं की नाही या विचारात एकमेकांकडं बघत उभे होते. अप्पांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि घरमालकाच्या खणखणीत आवाजात त्यांना हाक मारली.

"या की वर. उभे का? आमच्या घरी ज्याला जे पचतं ते वाढतेत."